किल्ल्या कुणाच्या कमरेला?

लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर बँक्वेटिंग हाउस नावाची इमारत आजही उभी आहे. ३० जानेवारी १६४९ ला पहिल्या चार्ल्स राजाला याच इमारतीतून बाहेर उभारलेल्या मचाणावर आणलं आणि भर गर्दीसमोर त्याचा शिरच्छेद केला. चाळीस वर्षांनी, १३ फेब्रुवारी १६८९ ला, त्याच इमारतीत विल्यम आणि मेरी या राजघराण्यातल्या नवराबायकोसमोर एक जाहीरनामा वाचून दाखवला गेला, आणि मग त्यांना मुकुट देऊ केला गेला.

पहिल्या वेळी राजा संपला, पण मनमानी संपली नाही. चार वर्षांतच, एप्रिल १६५३ मध्ये, राजाविरुद्ध लढलेला सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल सैनिक घेऊन संसदेत शिरला आणि उरलेसुरले सभासद त्याने हाकलून दिले. डोक्यावर मुकुट नव्हता इतकंच, हुकूम त्याचाच चालायचा. दुसऱ्या वेळी लंडनमध्ये कुणाचं डोकं उडालं नाही, गादी मोडली नाही, तिच्यावर बसणारा फक्त बदलला. तरीही त्या दिवसानंतर इंग्लंडच्या एकाही राजाला संसदेला न विचारता कर बसवता आलेला नाही.

हे कसं झालं? १६८९ च्या हक्कांच्या सनदेमुळे झालं, असं आपण शाळेत पाठ करतो. मला ते उत्तर अपुरं वाटतं. सनदा आधीही झाल्या होत्या. १२१५ ची मॅग्ना कार्टा होती, १६२८ चा हक्कांचा अर्ज होता. त्या अर्जात स्पष्ट लिहिलं होतं की संसदेच्या संमतीशिवाय कर नाही आणि कारणाशिवाय कैद नाही. चार्ल्सने त्याला होकार दिला, आणि पुढच्याच वर्षी संसद बरखास्त करून अकरा वर्षं ती बोलावलीच नाही. कागद जागच्या जागी राहिला, राजा त्याच्या बाजूने निघून गेला.

आपल्याकडच्या जुन्या एकत्र कुटुंबात घरधनी कोण हे ओसरीवर बसलेल्या माणसाकडे बघून कळत नसे. कोठीची, कपाटाची, दागिन्यांच्या पेटीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते बघावं लागे. तो जुडगा ज्या दिवशी सासूच्या कमरेवरून सुनेच्या कमरेला गेला, त्या दिवशी घरातली सत्ता बदलली. घोषणा कुणी करत नसे, आणि कुणाला ती लागतही नसे. इंग्लंडात १६८९ नंतर झालं ते हेच.

चार्ल्सने ती अकरा वर्षं कशी काढली ते आधी बघू. युद्धाच्या धोक्यात किनाऱ्यावरच्या गावांनी राजाला जहाजं किंवा त्यांचे पैसे द्यावेत अशी जुनी प्रथा होती. चार्ल्सने १६३४ पासून हा ‘जहाजकर’ शांततेच्या काळात लावला, आणि पुढच्या वर्षी समुद्र न पाहिलेल्या आतल्या जिल्ह्यांवरही बसवला. बकिंगहॅमशरच्या जॉन हॅम्पडन नावाच्या जमीनदाराने तो भरायला नकार दिला. त्याच्यावरची रक्कम होती २० शिलिंग, म्हणजे एक पौंड. तो सहज भरू शकला असता. पण आज एक पौंड विचारल्याशिवाय दिला, तर उद्या संसदेला विचारायचं कारणच उरणार नाही, हे त्याला कळत होतं. खटला बारा न्यायाधीशांपुढे चालला. सात जणांनी राजाच्या बाजूने निकाल दिला, पाच जणांनी हॅम्पडनच्या बाजूने. हे बाराही न्यायाधीश राजाच्या मर्जीवर नोकरीत होते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या पाच जणांचं मोल कळतं.

अखेर स्कॉटलंडशी युद्ध उभं राहिलं आणि तिजोरीत खडखडाट झाला. १६४० मध्ये चार्ल्सला संसद बोलवावी लागली. पैशाआधी गाऱ्हाणी ऐका म्हटल्यावर त्याने ती तीन आठवड्यांत मोडली, आणि नोव्हेंबरात नाइलाजाने पुन्हा बोलावली. ४ जानेवारी १६४२ ला तो स्वतः शस्त्रधारी माणसं घेऊन पाच सभासदांना पकडायला सभागृहात आला. त्या पाचांत हॅम्पडन होता. पाचही जण आधीच नदीच्या वाटेने निसटले होते. राजाने सभापती विल्यम लेंथॉलला विचारलं, ते कुठे आहेत? लेंथॉल गुडघे टेकून म्हणाला, या जागी मला बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, हे सभागृह सांगेल तेवढंच मी बघतो आणि बोलतो. गुडघे राजापुढे टेकलेले आणि निष्ठा सभागृहाशी. मर्यादित राजेशाहीचं याहून नेमकं चित्र मला माहीत नाही. त्यानंतर आजतागायत ते सभागृह भरलेलं असताना ब्रिटनचा एकही राजा किंवा राणी तिथे शिरलेली नाही.

पण त्या दिवशी किल्ली हलली नाही. यादवी युद्ध झालं, शिरच्छेद झाला, क्रॉमवेल आला आणि गेला. १६६० मध्ये पहिल्या चार्ल्सचा मुलगा दुसरा चार्ल्स परतला. त्याने पैशाची दुसरी वाट शोधली. १६७० च्या गुप्त तहाने तो फ्रान्सच्या चौदाव्या लुईकडून पैसे घेऊ लागला, आणि आयुष्याची शेवटची चार वर्षं त्याने संसदेशिवाय काढली. ज्या राजाला पैसा दुसरीकडून मिळतो, त्याला संसदेची आठवण होत नाही. आपली मुंबई या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या लग्नात आंदण मिळाली होती. १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्यावर त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. इथल्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना कुणी विचारलं नाही हे वेगळं सांगायला नको.

१६८५ मध्ये त्याचा भाऊ दुसरा जेम्स गादीवर आला, आणि इथे संसदेने स्वतःच घोडचूक केली. नव्या राजावर खूश होऊन तिने त्याला जकात आणि अबकारीचं उत्पन्न तहहयात बहाल केलं. व्यापार वाढत होता, तसं ते उत्पन्नही वाढत गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात संसदेने कुरकुर केल्याबरोबर जेम्सने ती तहकूब केली आणि पुन्हा भरवली नाही. शांततेच्या काळात मोठं खडं सैन्य ठेवलं. आणि १६८७ मध्ये धार्मिक सवलतींचा एक जाहीरनामा काढून कॅथलिकांवर आणि इतर पंथीयांवर बंधनं घालणारे संसदेचे कायदे एका फटक्यात स्थगित केले.

या ठिकाणी मला थोडं थांबायचं आहे. जेम्सने स्थगित केलेले कायदे अन्यायाचे होते. वेगळ्या पंथाच्या माणसाला सरकारी पद मिळू नये, त्याने उघडपणे प्रार्थना करू नये, असं सांगणारे ते कायदे. ते उठवले गेले ही चांगलीच गोष्ट म्हणायची. आज वाचणारा कुणीही सहिष्णू माणूस जेम्सच्या बाजूला उभा राहील, आणि त्याला अडवणारे संसदवाले त्याला कोत्या मनाचे वाटतील. बरेचसे ते होतेही. मग चूक कुठे होती? चूक ही की एका माणसाने स्वतःच्या सहीने कायदे बाजूला ठेवले. ज्या सहीने आज वाईट कायदा झोपतो, त्याच सहीने उद्या चांगला कायदा झोपतो. सात बिशपांनी हा जाहीरनामा चर्चमध्ये वाचायला नकार दिला. त्यांच्यावर खटला भरला, आणि ३० जून १६८८ ला ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर शेकोट्या पेटल्या. त्याच दिवशी सात बड्या मंडळींनी हॉलंडच्या विल्यमला, म्हणजे जेम्सच्याच जावयाला, सैन्य घेऊन ये असं पत्र धाडलं. ५ नोव्हेंबरला तो उतरला. डिसेंबरात जेम्स रातोरात पळाला, आणि जाताना त्याने राजमुद्रा थेम्स नदीत टाकली. मुद्रा नसली की राज्यकारभार ठप्प होईल, ही त्याची समजूत. राज्य म्हणजे माझ्या हातातली वस्तू, असं मानणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

आता किल्लीचा क्षण. नव्या राजाराणीला जी सनद वाचून दाखवली, तिच्या पहिल्याच कलमात लिहिलं की संसदेच्या संमतीशिवाय कायदे स्थगित करण्याचा अधिकार बेकायदा आहे. पुढे आलं, संमतीशिवाय पैसा नाही, संमतीशिवाय शांततेच्या काळात सैन्य नाही, सभागृहातल्या भाषणाबद्दल कोर्टात जाब नाही. हे सगळं मोलाचं आहे. पण ही सनद १६२८ च्या अर्जासारखी कपाटात का गेली नाही, याचं कारण सनदेबाहेर आहे.

जेम्सला तहहयात उत्पन्न दिल्याचा चटका सभासदांना ताजा होता. विल्यमला १६९० मध्ये त्यांनी जकातीचं उत्पन्न दिलं ते फक्त चार वर्षांसाठी. विल्यम चिडला, त्याला तो अपमान वाटला. पण फ्रान्सशी युद्ध सुरू होतं आणि पैसा हवा होता. सैन्याचं तर आणखी बारकाईने बांधून घेतलं. बंडखोर किंवा पळपुट्या सैनिकाला लष्करी शिक्षा देण्याचा अधिकार ज्या कायद्याने मिळतो, तो कायदाच त्यांनी अल्प मुदतीचा केला. पहिला १६८९ चा तर काही महिन्यांपुरता होता, आणि पुढे तो वर्षावर्षाने मंजूर होत गेला. म्हणजे एक वर्ष संसद भरली नाही तर कायद्याने सैन्यात शिस्तच लावता येणार नाही. कर नाही, फौज नाही, मग राजा करणार काय? तो दर वर्षी दारात येणार. १६८९ पासून एकही वर्ष असं गेलेलं नाही की ज्या वर्षी ती संसद भरली नाही.

दर वर्षी यावं लागणं, हा सगळ्या गोष्टीचा गाभा आहे असं मला वाटतं. एकदा होकार घेऊन पाच-दहा वर्षं मोकळा झालेला राजा वेगळा, आणि दर वर्षी हिशेब घेऊन येणारा राजा वेगळा. पैसे मागायला आलेल्याला विचारता येतं, मागचे कुठे गेले? १६९१ पासून संसदेचे आयुक्त राजाच्या खर्चाची वहीच तपासू लागले. १७०१ च्या कायद्याने न्यायाधीशांना हटवण्याचा राजाचा मर्जीचा अधिकार गेला, म्हणजे हॅम्पडनच्या खटल्यातली ती सात मतं पुन्हा विकत घेता येऊ नयेत याची सोय झाली. १७०८ मध्ये अ‍ॅन राणीने एका विधेयकाला संमती नाकारली, ती शेवटची. नकाराधिकार कुणी कायद्याने काढून घेतलेला नाही. तो वापरायची हिंमतच उरली नाही.

याची उलट बाजू आपल्या शेजारी नेपाळात घडली. १९९० च्या आंदोलनानंतर तिथे राजाची सत्ता घटनेने मर्यादित झाली. निवडणुका झाल्या, पंतप्रधान आले. पण सैन्य मनाने राजवाड्याचंच राहिलं. ऑक्टोबर २००२ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी पंतप्रधानांना काढलं, आणि १ फेब्रुवारी २००५ ला सगळी सत्ता हातात घेतली. फोन बंद, नेते नजरकैदेत, रस्त्यावर सैनिक. घटना तर तीच होती! एप्रिल २००६ च्या जनआंदोलनानंतर संसद परत आली, आणि १८ मे २००६ च्या घोषणेत तिने काय केलं ते बघण्यासारखं आहे. सैन्याच्या नावातला ‘शाही’ शब्द काढला, त्याचं नियंत्रण स्वतःकडे घेतलं आणि राजाच्या मिळकतीवर कर लावला. दोन वर्षांनी, २८ मे २००८ ला, राजेशाही संपली ती एका मतदानाने. १९९० मध्येच किल्ल्या मागून घेतल्या असत्या, तर कदाचित ती वेळ आली नसती.

अनेकांना वाटतं, आणि चांगली, कष्टाळू माणसं हे बोलतात, की एवढी विचारणा ठेवली तर कामं कधी होणार? एक खमका माणूस हवा, त्याला मोकळीक हवी. इंग्लंडचाच हिशेब बघा. १६७२ मध्ये मोकळीक असलेल्या दुसऱ्या चार्ल्सने सोनार-सावकारांचं दहा लाख पौंडांहून जास्त देणं एका हुकमाने थांबवलं. कित्येक जण बुडाले. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली तेव्हा संसदेला बांधलेल्या विल्यमच्या सरकारला लोकांनी १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी दिले, आणि ते दोन आठवड्यांच्या आत जमले. एकट्या माणसाचा शब्द आणि संसदेने मंजूर केलेल्या करातून परतफेडीची हमी, यांतला फरक सावकाराला कळतो. बांधलेला राजा मोकाट राजापेक्षा जास्त पैसा उभा करू शकला, मोठं युद्ध लढू शकला.

या सगळ्याला काळी बाजू आहे आणि ती लपवून लेख लिहिणं मला पटत नाही. त्या संसदेत बसले होते जमीनदार आणि धनिक. स्त्रियांना मत नव्हतं, मजुराला नव्हतं. विल्यमच्या विजयाची किंमत आयर्लंडने मोजली. १६९० च्या बॉइन नदीवरच्या लढाईनंतर तिथल्या कॅथलिकांवर एकामागून एक जाचक कायदे लादले गेले. आफ्रिकेतल्या गुलामांचा व्यापार राजाच्या मर्जीतल्या कंपनीची मक्तेदारी होती, तो १६९८ मध्ये याच संसदेने सगळ्या इंग्रज व्यापाऱ्यांना खुला केला. ब्रिटनच्या गादीवर आजही कॅथलिक माणूस बसू शकत नाही. किल्ली राजाकडून मोजक्या लोकांकडे आली होती, सगळ्यांकडे नाही.

आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. संमतीशिवाय कर नाही असं अभिमानाने सांगणारं राष्ट्र इथे दोन शतकं कर गोळा करत होतं. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले तेव्हा सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत होतं, मत देता येत नव्हतं. २६ मार्च १९०२ च्या पहिल्याच भाषणात त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं की तिजोरीतली शिल्लक ही भरभराटीची खूण नाही, गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त काढून घेतल्याची खूण आहे. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. ते दर वर्षी उभे राहिले, आकडे मांडत राहिले. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. हातात मत नसताना, नुसत्या वार्षिक विचारणेच्या बळावर. मताधिकार नसलेल्या त्या सभागृहात गोखल्यांनी जेवढी तयारी केली, तेवढी मताधिकार असलेले आजचे किती सभासद करतात, असा प्रश्न मला दर मार्चमध्ये पडतो.

कारण किल्ली आता आपल्याकडे आहे. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, हे आपल्या घटनेचं २६५ वं कलम. हॅम्पडनचा एक पौंड त्यात आहे. दर वर्षी अंदाजपत्रक मांडायचं, खात्यागणिक खर्चाच्या मागण्या मंजूर करून घ्यायच्या, दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, हे सगळं आपण लिहून घेतलं. आणि २३ मार्च २०२३ ला लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा वर्षाचा खर्च गोंधळात, चर्चा न करता, काही मिनिटांत मंजूर केला. चर्चेविना सगळ्या मागण्या एकदम मताला टाकणं याआधीही झालं आहे, वेगवेगळ्या पक्षांची सरकारं असताना. विरोधक गोंधळ घालतात म्हणून सरकार चर्चा टाळतं, आणि सरकार ऐकत नाही म्हणून विरोधक गोंधळ घालतात. या भांडणात कोण खरं, हे मला दुय्यम वाटतं. किल्ली मात्र दोघांनी मिळून टेबलावर टाकून दिली आहे.

जेम्सच्या सहीचं काय झालं तेही पुण्याच्याच एका अभ्यासकाने दाखवून दिलं आहे. गोखल्यांच्या नावाच्या अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा बिहारच्या जमीनधारणेचा अभ्यास करत होते. कागद चाळताना त्यांना दिसलं की तिथे विधानसभेपुढे कायदा आणायचाच नाही आणि तोच अध्यादेश, म्हणजे सभागृह भरलेलं नसताना नुसत्या सहीने काढलेला तात्पुरता कायदा, मुदत संपली की पुन्हा काढायचा, अशी रीतच पडली आहे. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ अध्यादेश त्यांनी मोजले. काही वर्षभर जगवले होते, काही तब्बल चौदा वर्षं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायमूर्तींनी या रीतीला घटनेशी केलेली फसवणूक ठरवलं. एक अर्थशास्त्रज्ञ फायली उघडतो, मोजतो आणि विचारतो. त्याला ना पद लागलं, ना फौज.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अंदाजपत्रकी अधिवेशनाचे दिवस कमी करू नका. चर्चा न झालेल्या खात्याच्या मागण्या मताला टाकण्याआधी निदान समितीपुढे जाऊ द्या. मार्चमध्ये मंजूर झालेल्या आकड्यांवर जुलैत आणि डिसेंबरात हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या येतात, तेव्हा आधीचा अंदाज का चुकला याचं लेखी उत्तर खात्याकडून घ्या. आणि आमदार मत मागायला आला की रस्ता कधी होणार याच्या बरोबरीने हेही विचारा, की यंदा किती कपात सूचना, म्हणजे खात्याने मागितलेली रक्कम कमी करण्याच्या सूचना, दिल्या.

गेल्या वर्षी एका गावात ग्रामसभेला बसलो होतो. मारुतीच्या देवळापुढे सतरंजी टाकलेली, माईक खरखरत होता. ग्रामसेवकांनी जमाखर्च वाचायला घेतला, एका दमात, आणि ‘मंजूर, मंजूर’ असे आवाज उठू लागले. बायकांच्या बाजूने साठीच्या एक मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “भाऊसाहेब, जरा सावकाश वाचा. टाकीच्या दुरुस्तीचं किती म्हणालात?” त्यांनी आकडा सांगितला. “आन् मागल्या साली किती लावलं होतं?” सरपंच म्हणाले, “मावशी, ते नंतर बघू की.” मावशी बसल्या नाहीत. ग्रामसेवकांनी मागची वही मागवली. ती आणायला पोरगा सायकलवरून ऑफिसात गेला, आणि तो येईपर्यंत वीसेक मिनिटं सभा तशीच बसून राहिली. कुणी उठून गेलं नाही.